निश्चिंतपणाचा अधिकार

यंत्राच्या नानाविध अवयवांत ब्रेक हा एक निराळ्याच जातीचा अवयव आहे. मोटारीचें इंजिन बिघडलें तर मालकाचा खोळंबा होतो. बैठक फाटली किंवा खिडकीची काच वर चढेनाशी झाली तर त्याची गैरसोय होते. या बिघाडांची झळ बहुधा ज्याची गाडी त्यालाच लागते, आणि म्हणून त्यांची दुरुस्ती आज करावी कीं पुढच्या महिन्यांत करावी हें ठरविण्याचा अधिकारहि त्यालाच असतो. ब्रेकची गोष्ट तशी नाहीं. ब्रेक निकामी झाला म्हणजे ज्याचा त्या गाडीशीं कसलाहि संबंध नाहीं, जो तिच्या मालकाचें नांवहि जाणत नाहीं, असा रस्ता ओलांडणारा एखादा मनुष्य त्या बिघाडाचें फळ भोगतो. ‘गाडी माझी, जें व्हायचें तें माझें होईल’ हें वाक्य येथें मुळांतच खोटें ठरतें. जुन्या गाडीचा मालक आपल्या ब्रेकविषयीं निश्चिंत असतो. पण त्या निश्चिंतपणाचा अधिकार त्याला कशाच्या बळावर मिळाला, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा नसून नीतिशास्त्राचा आहे, आणि त्याचाच थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न मोघम राहूं नये म्हणून एक घडलेलें उदाहरण घेऊं. अमेरिकेंत पिकअप नांवाची हलकी मालमोटार, म्हणजे पुढें माणसांना बसण्याची जागा व मागें उघडा हौदा अशी गाडी, शेतकरी, सुतार, गवंडी, छोटे कंत्राटदार यांच्या दारीं नेहमीं दिसते. तिचें इंजिन चिवट असतें. पंधरा-वीस वर्षें ती सहज राबते. त्या देशाच्या उत्तर भागांत हिंवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ गोठूं नये म्हणून मीठ पसरतात. तें मीठ चिखलाबरोबर गाडीच्या पोटाशीं उडून बसतें, आणि मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत ब्रेक-ऑइल नेणाऱ्या पोलादी नळ्या हळूहळू गंजूं लागतात. जनरल मोटर्स कंपनीच्या १९९९ ते २००३ या सालांतील पिकअप व तत्सम मोठ्या गाड्यांच्या नळ्या अशा गंजून फुटतात, अशा तक्रारींवरून तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानें २०१० सालीं चौकशी सुरू केली. प्रश्न सुमारें पन्नास लक्ष गाड्यांचा होता. एप्रिल २०१५ मध्यें चौकशी संपली तेव्हां निर्णय असा झाला कीं, हा एका कंपनीच्या बांधणींतील दोष नव्हे. गाडीच्या वार्धक्याचा हा परिणाम असून इतर कंपन्यांच्या त्या वयाच्या गाड्यांतहि तो दिसतो. गाड्या परत मागविण्याचा हुकूम निघाला नाहीं. मालकांना मात्र उपदेश करण्यांत आला: गाडीचें पोट धुवीत जा, नळ्या तपासून घ्या, गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर नळ्यांचा सबंध संच बदला.

या निर्णयाशीं कोणाचा मतभेद असूं शकेल. रस्त्यावर मीठ पडणार हें ज्याला ठाऊक आहे त्या कारखानदारानें मिठाला सहजासहजीं दाद न देणाऱ्या धातूच्या नळ्या कां बसवूं नयेत, असें विचारणें वाजवीच आहे. तथापि कारखानदाराच्या जबाबदारीचा वांटा कितीहि मोठा धरला तरी एक गोष्ट शिल्लक राहतेच: वीस वर्षांची झालेली गाडी आज सकाळीं रस्त्यावर काढतो तो कारखानदार नव्हे, मालक. सरकार त्याला तपासणी करावयास लावील म्हणावें, तर तेंहि सर्वत्र खरें नाहीं. पेनसिल्व्हेनिया राज्यांत दरसाल तपासणी सक्तीची आहे. मिशिगनमध्यें, जेथें हिंवाळा कडक व मीठ मुबलक, तेथें खासगी गाड्यांची अशी ठराविक तपासणीच नाहीं. आणि टेक्सास राज्यानें खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा-तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद केली. कायदा जेथें हात आंखडतो तेथें मालकाची सदसद्विवेकबुद्धि हाच एक तपासनीस उरतो.

या तपासनिसाला लांच कशी दिली जाते याचें वर्णन विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें जवळजवळ दीडशें वर्षांपूर्वीं करून ठेवलें आहे. श्रद्धा बाळगण्यालाहि नीतीचे नियम असतात, हें दाखविणारा निबंध त्यानें १८७७ सालीं प्रसिद्ध केला, आणि आरंभीं एका जहाजमालकाचा दृष्टांत दिला. जहाज जुनें होतें, त्याची डागडुजी पुष्कळदां झालेली होती, व तें प्रवासास योग्य आहे कीं नाहीं अशी शंका मालकाच्या मनांत आलेलीहि होती. पण तपासणीला खर्च येणार. तेव्हां त्यानें स्वतःची समजूत घातली कीं, इतक्या वादळांतून जें सुखरूप परत आलें तें याहि वेळीं येईल. उतारूंना त्यानें आनंदानें निरोप दिला, जहाज बुडालें, त्यानें विम्याचे पैसे घेतले. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं, त्या मालकाचा विश्वास खरोखर प्रामाणिक होता, तरीहि तो त्या माणसांच्या मृत्यूचा अपराधी आहे. कारण तो विश्वास त्यानें शोध करून मिळविलेला नव्हता, शंका दडपून मिळविलेला होता. त्याहून कठोर असें त्याचें पुढचें विधान आहे: जहाज बुडालें नसतें तरी अपराध तेवढाच राहिला असता. हा दृष्टांत हवेंतून आलेला नव्हता. सडक्या व अतिभारानें लादलेल्या जहाजांविरुद्ध सॅम्युएल प्लिम्सॉल यानें चालविलेल्या चळवळीमुळें आदल्याच वर्षीं, १८७६ सालीं, जहाजांवर भाररेषा आखण्याची सक्ती करणारा कायदा इंग्लंडांत झाला होता. आणि क्लिफर्ड स्वतः १८७० सालीं सिसिलीच्या किनाऱ्यापाशीं फुटलेल्या जहाजावरून वांचला होता.

क्लिफर्डला पुढें १८९६ सालीं विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें उत्तर दिलें. कित्येक बाबतींत आधीं विश्वास ठेवल्यावांचून पुढची गोष्ट घडूनच येत नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. स्नेहाच्या किंवा धाडसाच्या बाबतींत तें खरेंहि आहे. मित्रावर विश्वास टाकला म्हणजे कित्येकदां मित्र विश्वासास पात्र होतो. परंतु पोलादी नळीची गोष्ट निराळी. तिच्यावर आपण कितीहि विश्वास टाकला तरी तिची जाडी केसभरहि वाढत नाहीं. आपल्या श्रद्धेनें ज्या वस्तूच्या स्थितींत कांहींच फरक पडत नाहीं, तेथें श्रद्धा हा गुण नसून केवळ माहितीचा अभाव आहे.

‘आजवर प्रत्येक वेळीं थांबली, आजहि थांबेल’ हा जो युक्तिवाद जुन्या गाडीचा मालक करतो त्यांतली खोच नीट पाहण्यासारखी आहे. वरकरणी तो अनुभवावर आधारलेला दिसतो. पण अनुभव कशाचा? रोजच्या रहदारींत आपण पेडलवर हलकासा पाय टेंकतों, व नळींतील ऑइलवर बेताचाच दाब येतो. गंजून पातळ झालेली नळी तो दाब महिनोन्‌महिने सोसते. एखादें मूल अकस्मात् चेंडूमागें धांवत आलें म्हणजे मात्र आपण सारा जोर लावून पेडल दाबतों. त्या क्षणीं नळींतला दाब सर्वांत अधिक असतो, आणि दुबळी नळी फुटायची असेल तर ती त्याच क्षणीं फुटण्याचा संभव अधिक. म्हणजे हजार वेळां गाडी थांबली ही साक्ष हजार सौम्य प्रसंगांची आहे. ज्या एका प्रसंगासाठीं ब्रेक असतो त्याविषयीं ती साक्ष जवळजवळ मुकीच आहे. त्यांतून नळी ही पूर्वसूचनाहि देत नाहीं. ब्रेकचे लायनर झिजले तर कुरकुर तरी करतात. नळी फुटेपर्यंत आपलें काम चोख बजावीत असते. उलट इंजिन रोज सकाळीं एका फटक्यांत सुरू होतें, आणि त्याची ती प्रकृति पाहून मालक सबंध गाडीच निरोगी समजतो.

ज्यांनीं ब्रेकची रचना केली त्यांची वृत्ति मात्र याच्या उलट होती. पूर्वीं बहुतेक गाड्यांत चारी चाकांना ऑइल पोंचविणारा एकच मार्ग असे. तो कोठेंहि फुटला कीं सारेच ब्रेक जात. पुढें त्याचे दोन स्वतंत्र मार्ग करण्यांत आले, आणि अमेरिकेंत १९६८ पासून प्रवासी मोटारींना ही दुहेरी रचना कायद्यानेंच आवश्यक केली. एक मार्ग फुटला तरी दुसरा उरतो. गाडी थांबते, पण लांब जाऊन. या रचनेच्या मुळाशीं जो विचार आहे तो आम्हांस फार मोलाचा वाटतो: आपण केलेली नळी कधीं तरी फुटेल, असें गृहीत धरून रचनाकार कामाला लागला. ज्यानें वस्तु घडविली त्यानें तिच्यावर अविश्वास दाखवावा, आणि ज्यानें ती वीस वर्षें वापरून झिजविली त्यानें मात्र तिच्यावर पूर्ण विश्वास टाकावा, हा प्रकार चमत्कारिक नव्हे काय?

येथवर आमचें म्हणणें मान्य करणारा वाचकहि एक आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप हलका नाहीं. क्लिफर्डचा जहाजमालक श्रीमंत होता. विम्याची रक्कम त्याच्या हातीं येणारच होती. वीस वर्षांची पिकअप जो चालवितो तो बहुधा तसा नसतो. नवी गाडी घेण्याची ऐपत नाहीं म्हणूनच तो जुनी वापरतो. नळ्यांचा संच बदलण्याचा खर्च म्हणजे कदाचित् घरभाडें किंवा मुलाच्या शाळेची फी. आणि गाडी चार दिवस दारांत उभी राहिली तर चार दिवसांची मजुरीहि बुडते. अशा मनुष्याला सुखवस्तु लोकांनीं आपल्या नव्या मोटारींत बसून नीति शिकवावी, हें शोभतें काय?

आक्षेपांतील तथ्य आम्ही नाकारीत नाहीं. पण येथें दोन कर्तव्यें वेगळीं केलीं पाहिजेत: एक जाणून घेण्याचें व दुसरें दुरुस्त करण्याचें. दुरुस्तीला पैसा लागतो. जाणून घ्यायला बहुधा एक बॅटरी, अर्धा तास आणि अंगाला थोडी माती लागते. गरिबी दुसऱ्या कर्तव्याला विलंब लावूं शकते, पहिल्याला नाहीं. मनुष्य पाहायचें टाळतो तें पैसा नाहीं म्हणून नव्हे. पाहिलें तर कांहीं तरी करावें लागेल या भीतीनें टाळतो. खरी लांच ती हीच. आणि एकदां पाहिल्यावर गरिबालाहि अगदींच मार्ग उरत नाहीं असें नाहीं. सुट्या नळ्या बसवून कोणी ओळखीचा मिस्त्री थोडक्यांत काम करून देतो. तोंपर्यंत हौदा रिकामा ठेवतां येतो, शेजाऱ्याची गाडी मागून आणतां येते. नुसतें सावकाश चालवूं, असें म्हणून मात्र भागत नाहीं. वेग निम्मा केल्यानें ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चतुर्थांश होते हें खरें, पण नळीला गंज होता तेवढाच राहतो. आणि ज्या दिवशीं नळीवरचे पापुद्रे बोटाला लागतात, त्या दिवशीं गाडी जागची हलवूं नये, हें कटु असलें तरी टळत नाहीं. मजुरी बुडणें हें दुःख मोठें आहे; पण तें ज्याचें त्याला भोगतां येतें. दुसऱ्याच्या मुलाचा जीव आपल्या अडचणीच्या हिशेबांत खर्ची घालण्याचा अधिकार गरिबीनेंहि मिळत नाहीं. हें म्हणतांना दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जो गिऱ्हाईक भाडें घासाघीस करून इतकें उतरवितो कीं दुरुस्तीला कांहीं उरूंच नये, आणि जो विकणारा ‘गाडी चांगली चालते’ एवढेंच सांगून गंजाविषयीं मूग गिळून बसतो, त्यांचाहि या अपराधांत वांटा आहे.

हा विचार परदेशापुरता नाहीं. आपल्याकडे रस्त्यावर मीठ पसरीत नाहींत. तरी कोंकणपट्टींत समुद्राची खारी हवा लोखंडाला तेंच करते. शिवाय आपल्याकडे घाट आहेत. ब्रेक-ऑइल हवेंतील पाणी शोषीत असतें. डॉट-३ या सामान्य जातीचें ऑइल नवें असतांना किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे, पण पाणी मुरलेल्या ऑइलाचा तोच दंडक १४० अंशांवर येतो. डिझेल वांचावें म्हणून चालक भरलेली गाडी उतारावर न्यूट्रलमध्यें सोडतो. इंजिनाचा रोध नाहींसा होतो, सारा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात, जुनें ऑइल उकळतें, नळींत वाफ होते आणि पेडल पोकळ पडतें. मालवाहू गाड्यांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनीं व पुढें दरसाल. ही व्यवस्था चांगलीच आहे. पण दाखला तपासणीच्या दिवसाविषयीं बोलतो, आजच्या सकाळविषयीं नाहीं. आणि खिशांत दाखला आहे म्हणून गाडीखालीं वांकून न पाहणें, हा त्या जहाजमालकाच्या समाधानाचाच एक नवा प्रकार होय.

निश्चिंत असणें हें स्वतः वाईट नाहीं. त्यावांचून कोणालाच रस्त्यावर गाडी घालतां येणार नाहीं, आणि क्षणोक्षणीं शंका काढणारा चालक कांहीं चांगला चालक नव्हे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जें पाहतां येण्यासारखें आहे तें पाहून घेतल्यावरचा निश्चिंतपणा आणि पाहावें लागूं नये म्हणून बाळगलेला निश्चिंतपणा, हे बाहेरून सारखेच दिसले तरी एक कमावलेला आहे व दुसरा उसना आहे. उसना निश्चिंतपणा वर्षानुवर्षें निभावतो, आणि मालक स्वतःला सज्जनच समजत राहतो. पण तो ज्याच्याकडून उसना घेतला तो मनुष्य रस्त्याच्या कडेला उभा असतो. समोरून येणारी गाडी थांबेल, अशा समजुतीनेंच तो पाऊल पुढें टाकतो. त्याला ती नळी कधींच दिसणार नाहीं. ज्याला दिसूं शकते त्यानें ती दोघांच्याहि वतीनें पाहिली पाहिजे.