भांडण तर होतंच

द्वेषातून झालेल्या गुन्ह्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'जातीचा काही संबंध नाही हो, त्यांचं जुनं भांडण होतं.' मला हे वाक्य खोटं वाटत नाही, अर्धवट वाटतं.

खैरलांजीचंच घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना, म्हणजे आई, मुलगी आणि दोन मुलग्यांना, जमावाने ठार मारलं. भांडण होतं. आधी शेतातून जाणाऱ्या वाटेचं, मग एका मारहाणीच्या प्रकरणात दिलेल्या साक्षीचं. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. तिथेही हा सूडाचा गुन्हाच मानला गेला.

असेल सूड. साक्षीमुळे ज्यांना अटक झाली त्यांचा राग समजू शकतो. बाकीचे का आले? आणि एका साक्षीसाठी घरात सापडलेले सगळेच का संपवले? बांधावरून भांडणारी भावकी गावोगाव आहे. बहुतेक जण कोर्टाच्या तारखा करत म्हातारे होतात. त्यांच्याबद्दल कुणी 'माजलेत' म्हणत नाही. हा शब्द आपण राखून ठेवलेला आहे. ज्याने बरोबरीने भांडूच नये असं आपल्याला वाटतं, त्याच्यासाठी. भांडण खरंच असतं. द्वेष ठरवतो की कोणाचं भांडण हाच अपराध धरायचा.

म्हणून उपायांचा विचार करताना मला सद्भावनेच्या मिरवणुकांपेक्षा भिवंडी आठवते. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी पोळलेलं हे यंत्रमागांचं गाव. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसायचे, किरकोळ तक्रारी ऐकायचे. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. सगळं श्रेय समित्यांचंच असं मी म्हणणार नाही. पण अफवा आली तेव्हा विचारायला समोरच्या बाजूचा एखादा माणूस नावानिशी ओळखीचा होता, ही गोष्ट लहान नाही. दोघांचं भांडण तिथे दोघांचंच राहू शकत होतं.

समेटाचा मात्र मला धाकही वाटतो. २००७ पासून आपल्याकडे तंटामुक्त गाव मोहीम आली. तंटे मिटले की बक्षीस. आता गावात तंटा मिटवायचा म्हणजे 'जाऊ दे, तूच घे ना जरा समजून' हे कोणाला सांगतात, हे खेड्यात राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. भिवंडीत दोन्ही बाजूंना संख्या होती, दुकानं होती, मतं होती. खैरलांजीत दलितांची घरं मोजकीच. तिथे अशी समिती असती, तर तिच्या बैठकीत भोतमांग्यांच्या बाजूने कोण बसलं असतं?