एवढा सडपातळ माणूस, त्याला ॲटॅक कसा आला?

वाशी-नेरूळच्या सोसायट्यांत कुणी पन्नाशीतला गेला की हा प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो तो लठ्ठ, तूप-लोणी हाणणारा माणूस. हे चित्र आपल्याला परदेशातून मिळालं आहे.

१९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता. वय झालं की रक्तदाब चढायचाच, असं तोवर बरेच डॉक्टर धरून चालत. १९४८ मध्ये अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम गावातल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली आणि १९६१ मध्ये विल्यम कॅनेल व सहकाऱ्यांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचं नातं मांडलं. धोका आधी मोजता येतो, ही फार मोठी गोष्ट होती. मात्र ज्यांना मोजलं ते जवळपास सगळे गोरे अमेरिकन होते.

आपल्याकडे पहिला धक्का रेल्वेच्या एका डॉक्टरांनी दिला. एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९६७ मध्ये दाखवलं, की भरपूर तूप-दूध खाणाऱ्या उत्तरेकडच्या कर्मचाऱ्यांपेक्षा दक्षिणेकडच्यांत हृदयविकाराचं प्रमाण सुमारे सातपट आहे. त्यांनी सांगितलेली कारणं वादाची ठरली; आकडे मात्र विचार करायला लावणारे होते. २००४ मध्ये ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने धूम्रपान, मधुमेह, मानसिक ताण यांच्या पंगतीत सुटलेलं पोट बसवलं. याच अभ्यासातून पुढे कळलं, की दक्षिण आशियात पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी येतो.

का? मला सर्वांत पटणारं उत्तर पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, तंतोतंत सारखा. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळं मोजली, तेव्हा त्यांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाळ पोटात असताना आईला पुरेसं खायला मिळालं नाही, तर बाळाचं शरीर काटकसर शिकतं आणि पुढे सुबत्ता आली की मधुमेहाकडे, हृदयविकाराकडे झुकतं.

नवी मुंबईत मला हे जागोजागी दिसतं. तुर्भ्याच्या एपीएमसी घाऊक बाजारात गोणी वाहायला साताऱ्याच्या डोंगरी गावांतून माणसं आली. पाठीवर ओझं होतं तोवर खाल्लेलं जिरत होतं. आता गुडघे गेले, काम सुटलं, ताट तेच राहिलं. मुलं महापे-ऐरोलीतल्या ऑफिसांत दिवसभर खुर्चीवर. हातपाय काडीसारखे, शर्टाची पोटावरची बटणं तेवढी ताणलेली. अशा माणसाला ‘खाण्यावर ताबा नाही’ म्हणून बोल लावणं अन्यायाचं आहे. अर्धी गोष्ट त्याच्या आईच्या उपाशीपणात घडून गेली आहे.

जन्मावेळचं वजन त्याला विचारून उपयोग नाही. घरी, सुईणीच्या हातावर जन्मलेल्या त्या बाळांना तोललं कोणी? पण आरोग्य शिबिरात वजनकाट्याशेजारी एक टेप ठेवता येतो. कमर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८०च्या वर गेली, तर काटा काहीही म्हणो, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल त्याच दिवशी तपासायला हवं.