दोघांच्या नावे आलेले एकच पत्र

समुद्र ओलांडावा की न ओलांडावा, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी धर्मशास्त्राच्या कक्षेत आणला होता. कलिवर्ज्यांमध्ये समुद्रयात्रेची गणना आहे, आणि विलायतेहून परतलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त घ्यावयास लावण्याचे प्रसंग एकोणिसाव्या शतकात वारंवार घडले. तो निषेध आज कोणी मानीत नाही, आणि मानीत नाही हेच योग्य. परंतु निषेध संपला म्हणून विचार करण्याची जबाबदारी संपली असे नव्हे. शास्त्रीबुवा 'नाही' म्हणत असत तेव्हा जाणाऱ्यास निदान आपल्या मनाशी कारणे जुळवावी लागत. आता पासपोर्ट, तिकीट आणि पगाराचा आकडा एवढ्यावर सारे आटोपते, आणि विचारावयाचे ते प्रश्न तसेच राहून जातात.

आपल्या बालाघाटातील एका सभासद कुटुंबापुढे सध्या असा प्रसंग उभा आहे. त्यांच्या संमतीने व नावगाव न सांगता आम्ही त्याविषयी लिहीत आहोत. मुलगा व सून दोघेही इंग्रजी विषयातील पदवीधर, दोघेही बी.एड. झालेले. येथे अतिथी शिक्षकाच्या तात्पुरत्या जागेपलीकडे काही दिसेना, तेव्हा दोघांनी बाहेर अर्ज केले. आणि मालदीव बेटांतील एका शाळेने इंग्रजी शिकविण्यासाठी दोघांस एकाच पत्राने बोलाविले. करार दोन वर्षांचा, राहावयास घर, वर्षातून एकदा येण्याजाण्याचे भाडे. आयुष्यातील पहिलीच नोकरी, तीही दोघांना एका ठिकाणी! घरात पेढे आले. पेढे संपल्यावर मात्र बोलणे सुरू झाले, आणि ते अद्याप संपलेले नाही.

मालदीव म्हणजे सुमारे बाराशे लहान बेटांचा देश. त्यांपैकी दोनशेहून कमी बेटांवर वस्ती आहे. लोकांची भाषा दिवेही. तिची लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. इंग्रजी माध्यम तेथील शाळांत १९६० च्या दशकापासून शिरले आणि पुढे सर्वत्र झाले, त्यामुळे भारतीय शिक्षकांचे तेथे जाणे जुनेच आहे. त्याआधी इथिओपियात सम्राट हैले सेलासी यांच्या कारकिर्दीत, १९७४ च्या राज्यक्रांतीपर्यंत, भारतीय शिक्षकांचा मोठा वर्ग होता. तेव्हा कोणी नवलाचे धाडस करीत आहे अशातला भाग नाही.

तरीही एक शंका रास्त आहे. इंग्रजी ना ह्या शिक्षकांची मातृभाषा, ना त्या मुलांची. मग हा व्यवहार कसला? १८८३ साली इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाई चेल्टनहॅमच्या विद्यालयात इंग्रजी शिकत असता तेथे संस्कृत शिकवीत होत्या. आपले धन तेथे देणे आम्हांस समजते. परक्याचे धन तिसऱ्यास देणे समजावयास जरा वेळ लागतो. कित्येक देश तर 'ज्यांची जन्मभाषा इंग्रजी त्यांनीच ती शिकवावी' असे धरून चालतात. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा प्रामुख्याने सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० साली अमलात आलेल्या करारामुळे भारतीयांस त्यात थोडी वाट मिळाली, एवढेच. आमचे मत ह्याच्या अगदी उलट आहे. ज्याने घरी मराठी, बाजारात हिंदी आणि पुस्तकातून इंग्रजी अशी तीन पायऱ्यांची चढण चढली, त्यास पाय कोठे घसरतो हे ठाऊक असते. ज्यास ती भाषा पाळण्यात मिळाली, त्यास ते ठाऊक असेलच असे नाही. ह्या बाबतीत आमच्या मुलांनी संकोच बाळगण्याचे काहीएक कारण नाही.

आता वडीलधाऱ्यांच्या बोलण्याकडे वळू. देवळाच्या ओसरीवर ह्या विषयाची चर्चा निघाली तेव्हा कठोपनिषदातील श्रेय आणि प्रेय हा भेद पुढे आला, येणारच होता. राहणे ते श्रेय, जाणे ते प्रेय, असा निवाडाही तत्काळ झाला. परंतु हा भेद इतका स्वस्त नाही. आईच्या हातचे जेवण, ओळखीची गल्ली, वैनगंगेचा घाट, उशिरा उठले तरी कोणी न विचारणे, हेही प्रेयच आहे. आणि परक्या मुलखात परक्या मुलांसमोर रोज उभे राहून आपली विद्या कसास लावणे ह्यात श्रेयाचा अंश असू शकतो. कोणते कोणाचे श्रेय हे नकाशावरून ठरत नाही. आणखी एक गोष्ट येथे बोलणे भाग आहे. आपल्या जिल्ह्यातून मजूर जोडपी कामासाठी नागपूर-हैदराबादकडे जातात, लेकरे आजीजवळ ठेवून जातात. त्यांच्यासाठी ओसरीवर उपनिषद निघाल्याचे आम्हांस आठवत नाही. बी.एड. झालेली सून निघाली की मात्र तत्त्वज्ञान आठवते.

परदेश म्हणजे तरी काय? १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि मराठी ही राज्यभाषांपैकी एक होती. १ नोव्हेंबर रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, आणि येथील मराठी घरे उंबरठाही न ओलांडता अल्पसंख्य झाली. गोंदिया तासाभराच्या वाटेवर, पण राज्य दुसरे. असे असूनही ह्या गावात मराठी टिकली, हे घडले ते घराघरांतील रोजच्या बोलण्याने. म्हणून 'मुले गेली की सारे सुटेल' ह्या भीतीत आम्हांस फारसे तथ्य दिसत नाही. सुटावयाचे ते येथे बसूनही सुटते.

मग खरी अडचण कोठे आहे? आमच्या मते ती ह्यात आहे की पत्र एक आणि माणसे दोन.

आपल्या समाजातील एका जोडप्याने हाच प्रश्न फार पूर्वी सोसला होता. आनंदीबाई जोशी अमेरिकेस वैद्यक शिकावयास निघाल्या तेव्हा त्यांस अठरावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, त्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे भर सभेत इंग्रजीतून भाषण केले आणि लोक विचारीत असलेल्या प्रश्नांस एकेक करून उत्तरे दिली. त्यांत एक प्रश्न असा होता की, एकटीच का जातेस? दोघांनीच जावयाचे आधी योजिले होते, पण तेवढा पैसा नव्हता आणि गोपाळरावांवर वृद्ध मातापित्यांचा व धाकट्या भावंडांचा भार होता, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. एप्रिलमध्ये त्या एकट्याच बोटीत बसल्या. १८८६ साली पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला.

गोपाळरावांचा आग्रह किती कठोर होता, हे चरित्रकारांनी लपविलेले नाही. तो निर्णय कितपत पतीचा आणि कितपत पत्नीचा, ह्याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. परंतु त्या दिवशी सभेत उत्तर देणारी व्यक्ती एक होती आणि ती स्वतःच्या नावाने बोलत होती. संसाराची बाजू झाकून न ठेवता ती मोजून सांगण्याचे धैर्य तिने दाखविले. दोघांनी बरोबर जाणे हे नेहमीच अधिक सुखाचे वा अधिक धर्म्य असते असे नाही, हेही त्या उत्तरातून कळते.

आता आपल्या जोडप्याच्या पत्राकडे पाहा. नोकरी देणारा एक. घर नोकरीबरोबर मिळालेले. बेट एवढे लहान की शाळा सुटल्यावर भेटणारी माणसे बहुधा तीच. एकाचे मुख्याध्यापकांशी न जमले तर दुसऱ्याचे काय? सूनबाईंस दिवस गेले आणि मोठ्या उपचारासाठी राजधानी माले किंवा भारत गाठावा लागला, तर करार दोघांचा मोडणार की एकीचा? एकाची नोकरी गेली म्हणजे दुसऱ्याचे छप्परही जाणार काय? येथे भांडण झाले तर माहेर आहे, मित्र आहेत, निदान घाटावर जाऊन बसता येते. तेथे नोकरी, निवारा आणि विवाह ह्या तिन्ही गोष्टी एकाच खुंटीला टांगलेल्या. अशा वेळी दोघांपैकी ज्याचे मन कमी आहे, तो 'नको' म्हणू शकत नाही. कारण त्याच्या नकाराने दुसऱ्याचीही भाकर जाते. सप्तपदीतील सातवे पाऊल सख्याचे मानिले आहे. ज्यास नकार देण्याची सोयच उरली नाही, त्याच्या होकारास सख्य म्हणणे आम्हांस जड जाते.

म्हणून त्या कुटुंबास आम्ही एक सुचविले. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांस न विचारता, दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावी. हे पत्र केवळ माझ्या नावे आले असते तर मी गेलो असतो का, किंवा गेले असते का? आणि केवळ दुसऱ्याच्या नावे आले असते, तर मी काय म्हटले असते?

कागद उघडले तेव्हा सारे घर चकित झाले. मुलगा उत्सुक आणि सून त्याच्यामागे जाणारी, असे सर्वांनी गृहीत धरले होते. सासूबाई तर तिला धीर देत होत्या! वस्तुतः सूनबाईंनी लिहिले होते की, एकटीस बोलावले असते तरी मी गेले असते. मुलाने लिहिले की, मी एकटा गेलो नसतो. पण तिची संधी माझ्यामुळे जाऊ नये, आणि लोक मला भित्रा म्हणू नयेत, म्हणून मी बोललो नाही. ह्यात कोणाचा दोष नाही. परंतु हे न कळता ती दोघे विमानात बसली असती, तर दोन वर्षे त्याने उपकार केल्याच्या भावनेने काढली असती, आणि त्या उपकाराची तिला गंधवार्ताही नसती.

आईवडिलांविषयी थोडे. २००७ च्या कायद्याने वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे. पैसा पाठविला म्हणजे ती कायद्याने पुरी होते. रात्री गुडघा दुखू लागला तर पाणी कोणी द्यावे, हे कायदा सांगत नाही. नचिकेत्याने यमाजवळ पहिला वर मागितला तो स्वतःसाठी नव्हता. पित्याचे मन शांत व्हावे, आणि परत येईन तेव्हा त्याने मला ओळखून जवळ घ्यावे, असा तो होता. जाणाऱ्याने आधी हे पाहावे, हे खरेच. पण ज्या पित्याचे मन शांत करावयाचे त्यानेही आपली गरज ही मुलांचा धर्म म्हणून पुढे करू नये. 'आम्हांस भीती वाटते' असे सरळ म्हणावे. भीतीस उत्तर देता येते. धर्माच्या नावाने आलेल्या गरजेपुढे मुले केवळ मान खाली घालतात. आणि हिशेबात एक नाव कोणीच धरले नव्हते. ह्या घरची विवाहित मुलगी गोंदियास असते. भाऊ-भावजय गेल्यावर दवाखाना, औषधपाणी, सणवार हे सारे तिच्याकडे येणार, हे प्रत्येकाच्या मनात होते. तिला मात्र कोणी विचारले नव्हते. एकाच्या जाण्याची किंमत पुष्कळदा अशाच व्यक्तीस मोजावी लागते, जी त्या वेळी खोलीत नसते.

देवाधर्माचा मुद्दाही टाळता येत नाही. मालदीवमध्ये इस्लामखेरीज अन्य धर्माची उपासना उघडपणे करता येत नाही आणि पूजेच्या मूर्ती देशात आणण्यास बंदी आहे. तो त्यांचा कायदा आहे. पाहुण्याने तो पाळावा. एका आजीबाईंनी सुचविले की चांदीचा लहानसा गणपती कपड्यांच्या घडीत ठेवून द्यावा. त्यांचे वात्सल्य आम्ही जाणतो. पण जकात अधिकाऱ्यापुढे खोटे बोलून नेलेला गणपती कोणत्या विघ्नाचे हरण करणार? आपल्या परंपरेत मानसपूजेस मान्यता आहे. तेवढ्यावर ज्याचे मन राहील त्याने जावे, ज्याचे राहणार नाही त्याने जाऊ नये. दोन्हींत कमीपणा नाही.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. मध्ये दलाल असेल तर तो १९८३ च्या कायद्याप्रमाणे नोंदलेला आहे काय हे पाहावे. पासपोर्ट १९६७ च्या कायद्यानुसार भारत सरकारची मालमत्ता असतो. कोणत्याही मालकाच्या कपाटात तो ठेवू देऊ नये.

त्या दोघांनी आता शाळेस पत्र लिहून दोन गोष्टी विचारल्या आहेत: प्रत्येकाचा करार स्वतंत्र मिळेल काय, आणि एकाने नोकरी सोडल्यास दुसऱ्याची नोकरी व निवास चालू राहील काय. मुलाचे म्हणणे असे आहे की, हे मिळाल्यास पहिले वर्ष पुरे करून आपण पुन्हा विचार करू, आणि तोवर तिच्या जाण्यास आपली अडचण नाही. शाळेचे उत्तर हा अंक छापावयास जाईपर्यंत आलेले नाही. येत्या रविवारी गोंदियाच्या मुलीस बोलाविले आहे.