पाच मुलांची शाळा



जून महिना जवळ आला, की खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘यंदा पट किती?’ पट कमी भरला तर शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत विलीन करावी, हा विचार आपल्या राज्यात काही वर्षे चालू आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने मागवले. तेव्हा अशा शाळा सुमारे १४,७०० होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले.

विलीनीकरण करू पाहणाऱ्यांना निर्दयी ठरवून चालणार नाही. त्यांचे म्हणणे नीट ऐकायला हवे. पाच मुलांच्या शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत बसतात. तिसरीत एकच मुलगी असेल तर तिला बरोबरीची मैत्रीण नाही, कबड्डीला गडी नाहीत, स्नेहसंमेलन नाही. गुरुजी रजेवर गेले किंवा कागद रंगवण्यात अडकले, की शिकवणे थांबते. मोठ्या शाळेत हे सारे मिळू शकते. शाळा म्हणजे नुसती इमारत नव्हे, हेही खरेच.

तत्त्वज्ञानात एक जुना वाद आहे. बेंथम म्हणतो, जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख ज्यात आहे ते योग्य. कान्ट म्हणतो, कोणाही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. प्रत्येक माणूस स्वतःच एक साध्य आहे. विलीनीकरणाचा हिशेब बहुधा बेंथमच्या पद्धतीने मांडला जातो: इतके शिक्षक वाचले, इतका खर्च वाचला. असा हिशेब करणे पाप नाही, कारण पैसा सर्वांचा आहे. पण त्यात एक गोष्ट निसटते. वाचलेला पैसा सर्वांच्या वाट्याला थोडा थोडा येतो. वाढलेले अंतर मात्र सहा वर्षांच्या दोन पायांना चालावे लागते. लाभ सगळ्यांचा आणि भार सर्वांत लहानाच्या डोक्यावर, असा व्यवहार न्याय्य कसा म्हणावा?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळा मुलाच्या घराजवळ असावी असे धरले. आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंत हे अंतर एक किलोमीटर आहे. नकाशावर दोन किलोमीटर ही रेघ असते. जुलै महिन्यात तीच रेघ भरलेला ओढा असते. बसचे आश्वासन मिळते, पण बस बंद पडली की मोठा भाऊ कसाबसा चालत जातो आणि धाकटी बहीण घरी राहते. मग हळूहळू ती घरीच राहते.

आपल्याच पालघर जिल्ह्यात याचे उलट उदाहरण घडले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच मुलांपर्यंत नेली. पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरली, गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. मुलाने शाळेसाठी किती चालावे, यापेक्षा शाळेने मुलासाठी किती चालावे, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला.

आता थोडे आपल्याकडे पाहू. पट आपोआप घसरत नाही. जन्म कमी झाले आहेत, हे एक कारण आहे. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले होती. पण दुसरे कारण आपण आहोत. ज्या मराठी शाळांत वसईच्या कित्येक पिढ्या शिकल्या, तिथून आपण मुले काढून इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये बसवली. कोणाही एका पालकाचे त्यात चुकले असे मी म्हणणार नाही. मुलाचे भले पाहणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. तरीही निर्दोष निर्णयांची बेरीज निर्दोष असतेच असे नाही. ज्यांना जाता आले ते गेले. मागे राहिली ती वीटभट्टीवरच्या, मजुराच्या, दूरच्या पाड्यावरच्या घरातली पाच मुले. आणि आता आपण म्हणतो, ‘पाचच तर आहेत!’

म्हणून ज्यांची मुले त्या शाळेत नाहीत, त्यांच्यावरही त्या पाच मुलांची जबाबदारी येते. जवळच्या एखाद्या शाळेच्या विलीनीकरणाची चर्चा निघाली, तर ग्रामसभेला जा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या पालकांना बळ द्या. नव्या शाळेची वाट पावसात एकदा स्वतः चालून पाहा. बसचे आश्वासन लेखी घ्या. बस नियमित सुरू होईपर्यंत जुनी शाळा बंद होऊ देऊ नका. शिक्षण खरोखर सुधारत असेल आणि एकही मूल वाटेत गळत नसेल, तर विलीनीकरणाला खुशाल पाठिंबा द्या. पण एक जरी मूल गळणार असेल, तर ‘बाकीच्यांचे भले झाले’ हे उत्तर पुरेसे मानू नका. त्या मुलाचे नाव विचारा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू