हे अभिषिक्ता

हे प्रभू येशू, हे ख्रिस्ता, तुझ्या पायाशी आले आहे. मला मोठं बोलता येत नाही. तू कोण आहेस हे ज्यांनी जाणलं आणि आम्हाला सांगितलं, त्यांच्यापुढे मी फार लहान आहे. तरी तू ऐकतोस, म्हणून बोलते.

तू वचन देऊन आलास, म्हणून तुझे आभार. अब्राहामापासून तुझी वाट पाहिली गेली. मीखानं बेथलेहेमाचं नाव घेतलं, जखरियानं गाढवीच्या शिंगरावर बसून येणारा नम्र राजा पाहिला, यशयाच्या ग्रंथानं आमची दुखणी वाहणारा सेवक दाखवला. दाविदाचं सिंहासन गेलं, यरुशलेमचं मंदिर जळालं, माणसं बाबेलला धरून नेली, तरी ती आशा विझली नाही. प्रभू, ज्या यहूदी लोकांनी ती पिढ्यान् पिढ्या जिवापाड जपली, त्यांच्यातच तू जन्मलास, त्यांचीच स्तोत्रं म्हणत वाढलास. त्यांचं ऋण मला कधी विसरू देऊ नकोस.

मोशेनं अहरोनाच्या मस्तकावर तेल ओतलं आणि तो याजक झाला. शमुवेल तेलानं भरलेलं शिंग घेऊन बेथलेहेमला गेला आणि मेंढरं राखणाऱ्या दाविदाला त्यानं राजा म्हणून अभिषेक केला. आणि तू? यार्देन नदीच्या काठी तू पापी माणसांच्या रांगेत येऊन उभा राहिलास. पाण्यातून वर आलास, तेव्हा पवित्र आत्मा कबुतरासारखा तुझ्यावर उतरला. पित्यानं स्वतः तुझा अभिषेक केला. पित्याचं मन उघड करणारा संदेष्टा तू, आमच्यासाठी अर्पण करणारा याजक तू, आणि अर्पण झालेला कोकराही तूच.

संदेष्ट्या, माझ्याशी बोल. याजका, माझ्यासाठी मध्यस्थी कर. राजा, माझ्यावर राज्य कर.

325 साली निकेयात आणि 451 साली खल्कीदोनात तुझ्या मंडळीचे बिशप जमले. तू पूर्ण देव आहेस आणि पूर्ण मनुष्य आहेस, हे त्यांनी एकेक शब्द तोलून कबूल केलं. दोन्ही स्वभाव तुझ्या एकाच्या ठायी, एकमेकांत मिसळले नाहीत, एकमेकांपासून तुटले नाहीत. निकेयाचा विश्वासांगीकार मी मंडळीबरोबर उभी राहून म्हणते, आणि माझी बुद्धी उंबरठ्यावरच थांबते. मग तूच मला गालीलच्या समुद्रावर नेतोस. तिथे तू दमून मचव्यात झोपला आहेस, उशीवर डोकं टेकून. आणि उठल्यावर तूच वाऱ्याला दटावतोस, तर वारा पडतो. तूच मला बेथानीत लाजराच्या कबरेपाशी नेतोस. तिथे तू रडतोस, आणि रडणाऱ्या त्याच तुझ्या हाकेनं मेलेला माणूस बाहेर येतो.

माझ्याबरोबर रडणारा तू देव आहेस, म्हणून तुझे आभार. मरणाला हाक मारून परतवणारा तू माणूस झालास, म्हणून तुझे आभार.

तू खालच्या जागा निवडल्यास, प्रभू. आपण मशीहा आहोत हे तू उघड शब्दांत सांगितलंस ते याकोबाच्या विहिरीवर, भर दुपारी, पाणी भरायला आलेल्या एका शोमरोनी बाईला. तिच्या हातचं पाणी यहूदी माणूस पीत नसे. तू ते मागितलंस. माझ्याकडेही तसाच तहानलेला ये. माझ्या घागरीत जे काही आहे ते माग, आणि तुझ्याजवळचं जिवंत पाणी मला दे.

तू शिष्यांना घेऊन फिलिप्पाच्या कैसरियाकडे गेलास. कैसराचं नाव मिरवणाऱ्या त्या प्रदेशात त्यांना विचारलंस, की त्यांच्या लेखी तू कोण. पेत्र चटकन म्हणाला, तू ख्रिस्त. आणि तू दुःख सोसण्याचं, जिवे मारलं जाण्याचं बोलू लागलास, तेव्हा तोच पेत्र तुला बाजूला घेऊन अडवू लागला. प्रभू, पेत्राचं ते मन माझ्यातही आहे. माझं माणूस खाटेवर आहे, तर त्याला आजच्या आज उठवणारा ख्रिस्त मला हवा असतो. गरिबाच्या तोंडचा घास काढणाऱ्याला माझ्या डोळ्यांदेखत खाली ओढणारा ख्रिस्त मला हवा असतो. तू मात्र वधस्तंभाच्या वाटेला लागतोस आणि मला मागे यायला सांगतोस. माझे पाय जड होतात. तुझं नाव ओठांवर असतं आणि तुझी वाट नकोशी वाटते. अशा वेळी मला सोडून पुढे जाऊ नकोस. पेत्राला दटावलंस तसं मलाही दटाव, आणि त्याला जवळ ठेवलंस तसं मलाही जवळ ठेव.

तुरुंगात पडलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानंही तुला निरोप पाठवून विचारलं होतं, की येणारा तो तूच ना? तू त्याच्यावर रागावला नाहीस. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवर्तमान ऐकायला मिळतं, हे त्याला जाऊन सांगा, म्हणालास. अंधारात बसून विचारणाऱ्या प्रत्येकाला तसंच उत्तर दे, प्रभू. आणि त्या उत्तरासाठी माझे हात लागत असतील, तर घे.

आमच्या भाषेपर्यंत आलास, म्हणून तुझे आभार. 1616 साली गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी आधी तुझी वाट पाहणारा काळ आणि मग तुझं चरित्र ओव्यांत सांगितलं. नारायण वामन टिळकांनी तुला आईच्या आणि गुरूच्या जागी बसवून अभंग गायले. बंदिवानांना सोडवायला आपण आलो आहोत, असं तू नासरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथ उघडून सांगितलंस. पंडिता रमाबाईंनी ते खरं मानलं आणि 1896–97च्या दुष्काळात होरपळलेल्या मुली-विधवांना जवळ केलं. केडगावच्या मुक्ती सदनात त्या मुली-विधवा जगल्या, शिकल्या. तुझा अभिषेक असा माणसांवर उतरतो. माझ्यावरही उतरू दे, थेंबभर का होईना.

आणि बेथानीतल्या त्या बाईसाठी तुझे आभार. शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी तू जेवायला बसला होतास. तिनं कुपी फोडली आणि जटामांसीचं सुगंधी तेल तुझ्या मस्तकावर ओतलं. तीनशे दिनारांहून जास्त किमतीचं, मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. लोक कुरकुरले. मार्कानं तिचं नावही लिहून ठेवलेलं नाही. पण दाविदाच्या पुत्राच्या मस्तकावर तेल पडलं ते तिच्या हातून, आणि ते तुझ्या पुरण्यासाठी आहे, असं तू म्हणालास. तिनं सगळं ओतलं. मी राखून ठेवते, प्रभू. उद्यासाठी, भीतीसाठी, लोकांच्या बोलण्यासाठी राखून ठेवते. तिच्यासारखे मोकळे हात मला दे.

तुला काट्यांचा मुकुट घातला, तो तू काढून टाकला नाहीस. तू राजा आहेस हे तुझ्या डोक्यावर हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक भाषेत लिहून टांगलं, आणि त्या पाटीखाली तू मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितलीस. तिसऱ्या दिवशी पित्यानं तुला उठवलं. अम्माऊसच्या वाटेवर आशा हरवलेल्या दोघांबरोबर तू चाललास, आणि ख्रिस्तानं हे सोसून आपल्या गौरवात जायचं होतं, हे त्यांना शास्त्रातून उलगडून सांगितलंस. मलाही उलगडून सांग. पुन्हा पुन्हा सांग. मी मंद आहे, तू धीराचा आहेस.

तू पुन्हा येणार आहेस. तोवर माझ्या घरात राज्य कर, माझ्या पैशावर राज्य कर, माझ्या जिभेवर राज्य कर. माझ्या आजाऱ्याजवळ बस. उपाशी माणसाच्या रूपानं दारात आलास, तर तुला ओळखायची बुद्धी दे. आणि ये, प्रभू. न्यायानं ये, दयेनं ये. प्रत्येक डोळ्यातलं पाणी पुसायला ये. तूच ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र आणि माझा तारणारा. दुसऱ्या कुणाची मी वाट पाहत नाही.

आमेन.