अवेळी दिलेला श्लोक



आजचं वाचन गीतेच्या सतराव्या अध्यायातलं, श्लोक २० ते २२. विषय दानाचा. योग्य ठिकाणी, योग्य वेळी, जो परतफेड करू शकणार नाही अशाला दिलेलं दान सात्त्विक. काही परत मिळेल म्हणून, कुरकुरत दिलेलं राजस. आणि अस्थानी, अवेळी, अनादरानं दिलेलं तामस. हा शेवटचा श्लोक मी आजवर इतरांनाच लावत आले. या वेळी तो माझ्यावरच उलटला.

मी बारामतीची, आता कोथरूडला राहते. मामाचं घर इंदापूर तालुक्यात. त्याच्या शेजारी नऊ वर्षांचा मुलगा होता, हाडाचा कॅन्सर झालेला. पुण्यात कित्येक महिने उपचार झाले, मग एके दिवशी "आता घरी न्या, करण्यासारखं काही उरलं नाही" असं सांगून फाइल हातात दिली गेली. घरी आल्यावर रात्री कठीण जाऊ लागल्या. मामी फोनवर सांगायची, पोराचं कण्हणं आपल्या ओसरीपर्यंत येतं. साधी गोळी दोन तासही पुरत नव्हती.

मी काय केलं? त्याच्या आईला दुसऱ्या अध्यायातला, आत्मा मरत नाही असं सांगणारा श्लोक व्हॉट्सॲपवर पाठवला. अर्थासकट, खाली कमळाचं चित्र. तिचं उत्तर आलं, "हो ताई. पण त्याचं दुखायचं कशानं थांबंल?"

मी हात जोडल्याची खूण पाठवली.

तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होतं. वारजे इथं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून. कॅन्सरच्या रुग्णांना तिथं मोफत सेवा मिळते आणि घरचं माणूस सोबत राहू शकतं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे मरणाची वाट पाहणं नव्हे. वेदना, धाप, उलट्या, भीती, घरच्यांची झोप, या सगळ्याकडे आजाराइतकंच लक्ष देणं. मला हे ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून कळलं, तोवर तीन आठवडे उलटले होते.

ते आले. वडिलांना मॉर्फिनची धास्ती, पोराला सवय लागेल म्हणून. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की वेदनेच्या मापानं, नीट लक्ष ठेवून दिलं तर तसं होत नाही. (हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांसाठीच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणं किचकट होतं, २०१४ साली दुरुस्ती होऊन वाट सोपी झाली. तरी या बापाला बारामतीपर्यंत हिंडून ते मिळालं नव्हतं.) पहिल्या रात्री पोरगं सलग झोपलं. आई मात्र जागीच. इतक्या दिवसांनी तो गप्प होता, म्हणून ती सारखी नाकाशी हात धरून श्वास बघत होती.

अकरा दिवसांनी तो गेला.

गावात कुणीतरी म्हणालं, भोग होते, भोगून संपले. या वाक्याची मला चीड येते. भोगच म्हणायचं तर वारकऱ्याच्या पायाचे फोडही भोगच की! पण तुकोबांची पालखी सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला येते तेव्हा सगळा तालुका रात्र रात्र जागतो. अनोळखी माणसाचे पाय चेपतो, पिठलं-भाकरी वाढतो. हा माणूस उद्या पुढे निघून जाणार, मग तेल कशाला वाया घालवा, असं तिथं कुणी म्हणत नाही. आणि जे मूल मोठं होऊन कमावणार नाही, कुणाचं काही फेडणार नाही, त्याच्यापाशी मात्र आपण "काही उरलं नाही" म्हणून उठतो. म्हणजे इतके दिवस आपण त्याची सेवा करत होतो की बरं होण्याच्या फळाची?

आता 'काळा'चं. मुलांच्या बाबतीत ही काळजी निदान झालं त्याच दिवसापासून, उपचारांच्या जोडीनं सुरू व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि ती फक्त कॅन्सरपुरतीही नाही. स्नायू झिजत जाणाऱ्या मुलालाही ती हवी, मेंदूच्या पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्यालाही. आपल्याकडे फाइल बंद झाल्यावर तिचं नाव निघतं, तेही निघालं तर.

आणि 'देश'. इंदापूरहून वारजे म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. उसाला पाणी, दारात जनावरं, घरी धाकटी मुलगी. सगळ्यांना हे कसं जमणार? १९८२ मध्ये ऑक्सफर्डला मुलांसाठीचं जगातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं, हेलन हाउस. एका जोगिणीची एका आजारी मुलीच्या घरच्यांशी मैत्री जुळली, त्यातून. तेवढं लांब जायला नको. २०१० नंतर आपल्या जव्हारच्या कुटीर रुग्णालयात, आदिवासी भागात, मुलांसाठी ही सेवा उभी करण्याचं काम झालं. जव्हारला जे करून बघितलं, ते इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात का नाही, हे विचारायला आपल्याला विशेष ज्ञान लागत नाही.

चौदाव्याला मी गेले होते. आईनं चहा दिला आणि म्हणाली, "ताई, हे आधी का नाय सांगितलं कुणी?" 'कुणी' म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती, एवढी तिची माया.

निघताना मामीनं वारज्याचा फोन नंबर मागून घेतला आणि गावातल्या आशाताईंच्या डायरीत पहिल्याच पानावर लिहून दिला.