धुके, धूर आणि अग्नी

भारतीय तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो एक पर्वत. त्यावर धूर दिसतो आणि धुरावरून अग्नीचे अनुमान केले जाते. परंतु या परंपरेतील सूक्ष्मदर्शी पंडितांनी त्याच पर्वताची एक अडचणीची आवृत्तीही मांडून ठेवली आहे. बाराव्या शतकातील श्रीहर्षाच्या ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात ती आढळते. पाहणाऱ्याला दिसले ते धुके होते. त्याने ते धूर मानले आणि पर्वतावर अग्नी आहे असा निष्कर्ष काढला. योगायोग असा, की पर्वतावर अग्नी खरोखरच होता. निष्कर्ष खरा, पण त्याचा आधार खोटा. याला ज्ञान म्हणावयाचे काय?

श्रीहर्षाचा पाहणारा निदान प्रामाणिकपणे फसलेला आहे. परंतु अग्नी आहे याची पक्की खात्री असलेल्या एखाद्याने, इतरांनाही ती पटावी म्हणून, धुके हेच धूर म्हणून दाखविले तर? प्रश्न तेथे ज्ञानमीमांसेची हद्द ओलांडून नीतीच्या प्रांतात शिरतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मोटारगाड्यांतील दोषांवरून जे वाद झाले, त्यांत या प्रश्नाला मूर्त रूप आले.

‘जनरल मोटर्स’ या कंपनीने १९७३ ते १९८७ या काळात बनविलेल्या पिकअप ट्रकांमध्ये इंधनाच्या टाक्या चासीच्या पोलादी दांड्यांच्या आत न ठेवता बाहेरच्या बाजूस बसविल्या होत्या. बाजूने धडक बसली की टाकी फुटण्याचा व गाडी पेटण्याचा धोका अधिक, असा आक्षेप होता. त्यावरून न्यायालयांत दावे दाखल झाले होते, माणसे जळून मेली होती. हे ट्रक त्या काळच्या सरकारी मानकात बसतात, हे कंपनीचे उत्तर होते. आणि ते खोटे नव्हते. मानकात बसणे आणि सुरक्षित असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, एवढाच त्यातील पेच. १९८८च्या नव्या रचनेत कंपनीने टाकी चासीच्या आत घेतली. हे दोषाची कबुली होती की निव्वळ सुधारणा, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या बाजूप्रमाणे दिले.

१७ नोव्हेंबर १९९२ रोजी ‘एनबीसी’ वाहिनीच्या ‘डेटलाइन’ या कार्यक्रमात या ट्रकांविषयीचा वृत्तांत प्रसारित झाला. सुमारे पंधरा मिनिटांच्या त्या वृत्तांतात जेमतेम एक मिनिटाचे दृश्य धडकेच्या प्रात्यक्षिकाचे होते. एक मोटार येऊन ट्रकच्या कुशीत आदळते आणि ज्वाळा उठतात. पुढे कळले ते असे. खेळण्यातल्या रॉकेटमध्ये असतात तसली दारूची नळकांडी ट्रकच्या तळाशी बांधलेली होती व धडकेच्या क्षणी ती दुरून पेटविण्यात आली होती. टाकीचे झाकण नीट बसणारे नव्हते. धडकेचा वेग प्रत्यक्षात होता त्याहून कमी सांगण्यात आला. टाकी फुटली असे निवेदनात म्हटले होते, पण ती फुटलेली नव्हती. आणि आग सुमारे पंधरा सेकंदच टिकली. हे प्रात्यक्षिक ‘अशास्त्रीय’ असल्याचे निवेदकाने सांगितले होते, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. धर्मराजानेही ‘कुंजरो वा’ हे शब्द उच्चारले होतेच. ते द्रोणाचार्यांच्या कानी पडणार नाहीत, याची सोय तेवढी करून ठेवलेली होती.

८ फेब्रुवारी १९९३ रोजी कंपनीने पत्रकार परिषदेत सारा तपशील उघड केला व वाहिनीवर खटला भरला. आरंभी समर्थन करू पाहणाऱ्या वाहिनीने दुसऱ्याच दिवशी पडद्यावरून क्षमायाचना केली. मार्चमध्ये वृत्तविभागाच्या अध्यक्षांनी, मायकेल गार्टनर यांनी, पदत्याग जाहीर केला.

क्षमायाचनेने कंपनीचे समाधान झाले. प्रश्नाचे झाले नाही. कारण या प्रात्यक्षिकाच्या बाजूने एक युक्तिवाद उरतो आणि तो तुच्छतेने झटकून टाकण्याजोगा नाही. ट्रकांना आगी लागत होत्याच. बलाढ्य कंपनीपाशी प्रयोगशाळा असतात, कुलूपबंद कागद असतात, वकिलांच्या फौजा असतात. ज्याचे माणूस गेले त्याच्यापाशी काय असते? एक मृत्यूचा दाखला आणि एक संशय. कॅमेऱ्यासमोर आग लागली नसती तर प्रेक्षकाने ‘धोका नाही’ असे मानले असते, आणि ते मानणे खरोखरच्या धोक्याच्या दृष्टीने असत्यच ठरले असते. मग सत्य निष्कर्षाकडे नेणारे एक लहानसे असत्य अधिक बरे, की असत्य निष्कर्षाकडे नेणारे एक सत्य दृश्य?

युक्तिवाद मोहक आहे. पण दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला नेमके काय दिले जाते, याचा त्यात विसर पडतो. प्रेक्षकाला पर्वतावर चढून पाहता येत नाही. आपण प्रत्यक्ष पाहिले असे त्याला वाटते खरे. वस्तुतः त्याने पाहिलेले दृश्य हे प्रत्यक्ष प्रमाण नव्हेच, ते शब्दप्रमाण आहे. कोणीतरी त्याला सांगितलेली ती साक्ष आहे, मात्र प्रत्यक्षाचा वेष घेतलेली. नैयायिकांच्या मते शब्दाला प्रामाण्य येते ते तो आप्ताचा असल्यामुळे, म्हणजे जे जसे आहे ते तसे जाणणाऱ्या व तसेच सांगणाऱ्या व्यक्तीचा असल्यामुळे. दारूची नळकांडी बांधणाऱ्या हाताने तेवढ्या एका दृश्यापुरते खोटे केले नाही. त्याच पंधरा मिनिटांत जे जे यथार्थ सांगितले होते, तेही सगळे त्याने आप्तत्वाबाहेर घालविले. वादाचा विषय रातोरात पालटला. टाकी कोठे बसविली होती हे विचारणे मागे पडले आणि नळकांडे कोणी बांधले हे विचारले जाऊ लागले. पत्रकार परिषदेच्या चारच दिवस आधी अटलांटातील ज्यूरीने एका तरुणाच्या मृत्यूच्या खटल्यात कंपनीविरुद्ध सुमारे साडेदहा कोटी डॉलरचा निवाडा दिला होता. शपथेवरची साक्ष, उलटतपासणी यांतून आलेला तो निर्णय (पुढे १९९४ साली वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला) आणि पडद्यावरचा तो जाळ यांतले अंतर लोकांच्या मनात कितीसे उरले असेल?

दुर्बळाला पुराव्यातली लबाडी परवडते असे मानणे हीच मोठी चूक आहे. सबळाचे खोटे उघडकीस आले तर तो दंड भरतो व धंदा चालू ठेवतो. दुर्बळापाशी विश्वासार्हतेखेरीज दुसरे भांडवलच नसते. आणि येथे ते त्याने स्वतः नव्हे, त्याच्या कैवाऱ्याने उधळले.

धुके आहे आणि अग्नी मात्र नाही, असाही पर्वत असतो. ‘सीबीएस’ वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने २३ नोव्हेंबर १९८६ रोजी ‘ऑडी ५०००’ या मोटारीविषयी कार्यक्रम केला. ब्रेकवर पाय असतानाही गाडी आपोआप उसळते, अशी तक्रार होती. कार्यक्रमात आपल्याच गाडीच्या धडकेत आपले मूल गमावलेली एक आई बोलली. अ‍ॅक्सिलरेटर आपोआप खाली जात असल्याचे एका गाडीत दाखविण्यात आले; त्या गाडीच्या ट्रान्समिशनला भोक पाडून बाहेरून दाब दिलेला होता, हे प्रेक्षकाला सांगितले गेले नाही. वाहतूक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने १९८९ साली दिलेला निष्कर्ष असा, की अशा बहुतेक अपघातांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला होता. तोवर अमेरिकेतील ऑडीची विक्री घसरणीला लागली होती. १९८५ मधील सुमारे ७४ हजारांवरून ती १९९१ मध्ये सुमारे १२ हजारांवर आली.

कंपनीच्या नुकसानीचे दुःख येथे फारसे करण्याचे कारण नाही. खरा प्रश्न त्या आईचा आहे. ‘माझा पाय ब्रेकवरच होता’ असे अशा प्रसंगी सांगणारा चालक बहुधा खोटे बोलत नसतो. पाय चुकला याची जाणीव पायाला नसते. यंत्र दोषी ठरले तर तिला निदान जगता येते. तेव्हा तिच्या बाजूने धुके निर्माण करणे ही करुणाच नव्हे काय? क्षणभर तसे वाटते. पण ज्या दुःखाला कोणीच अपराधी नाही, त्याला अपराधी पुरविणे हे सांत्वन नव्हे. सरकारी अहवाल आल्यावर त्या धुक्यासह तिचा आधारही विरणार होता, आणि तो देणाऱ्याला त्या वेळी तिच्याजवळ असण्याचे काही कारण नव्हते. पाय का चुकतो, दोन पेडलांची मांडणी कशी असावी, हे प्रश्न अधिक नीरस आणि अधिक उपयोगाचे होते. ब्रेक दाबल्याशिवाय गाडी ‘पार्क’मधून दुसऱ्या गिअरमध्ये जाऊच नये, अशी कळ कंपनीने पुढे बसविली; स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत ती कालांतराने सार्वत्रिक झाली. तिची बातमी कोणाच्या फारशी लक्षात राहिली नाही.

टोयोटाच्या प्रकरणात तर दोन्ही पर्वत एकमेकांना चिकटून उभे होते. २०१० साली ‘एबीसी’ वाहिनीने इलेक्ट्रॉनिक दोषाचे प्रात्यक्षिक दाखविले. धावत्या गाडीच्या चित्रणात उभ्या गाडीतल्या इंजिनगतीच्या काट्याचे दृश्य जोडल्याचे नंतर उघड झाले. ‘नासा’च्या अभियंत्यांनाही २०११ साली तशा वेगवाढीस कारण होणारा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही. मात्र पायपुसणीत अडकणारे आणि दाबलेले राहणारे पेडल हे दोष खरेच होते, आणि त्यांबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याचे मान्य करून कंपनीने २०१४ साली १२० कोटी डॉलर भरले. पडद्याला अदृश्य विद्युत्संदेशांचे गूढ हवे होते. लपविलेली गोष्ट चालकाच्या पायाखालीच होती.

त्या पिकअप ट्रकांचे पुढे काय झाले, हेही सांगावयास हवे. वाहतूकमंत्री फेडेरिको पेन्या यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये त्या ट्रकांत सुरक्षिततेचा दोष असल्याचा प्राथमिक निष्कर्ष जाहीर केला. सुमारे दीडशे माणसे अन्यथा वाचली असती, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबरमध्ये तडजोड झाली. कंपनीने सुरक्षेच्या कार्यक्रमांसाठी पाच कोटी डॉलरांहून थोडी अधिक रक्कम द्यावयाची, आणि सरकारने प्रकरण मिटवावयाचे. ट्रक परत बोलावले गेले नाहीत. बाजूच्या टाक्या घेऊन ते रस्त्यांवर तसेच धावत राहिले.